कातलेले सूत आणि परतलेले वजन

प्रशंसा त्या अल्लाहची, ज्याने मातीतून माणूस घडविला, त्याला भूक दिली आणि त्या भुकेसाठी अन्नही निर्माण केले. दरूद व सलाम त्या प्रेषितांवर (स.), ज्यांनी जेवणाच्या घासापासून राज्यकारभारापर्यंत प्रत्येक गोष्टीला माप घालून दिले.



आजचा विषय वाचून काहींना नवल वाटेल. कमी केलेले वजन हळूहळू परत येणे, हा विषय डॉक्टरांचा. मिंबरचा त्याच्याशी काय संबंध? परंतु जुमाच्या नमाजनंतर थांबून जे लोक आपले मन मोकळे करतात, त्यांच्यात अलीकडे हा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे आणि तो आता केवळ काट्यावरच्या आकड्याचा राहिलेला नाही. आमच्या मशिदीत नियमित येणारे एक शिक्षक आहेत. मधुमेहाचे निदान झाल्यावर त्यांनी जिद्दीने आठ महिन्यांत एकोणीस किलो वजन उतरविले. लोकांनी कौतुक केले, शाळेत सत्कार झाला, नातेवाईक त्यांचे उदाहरण देऊ लागले. पुढच्या अडीच वर्षांत त्यांतले चौदा किलो परतले. एका दिवसात नव्हे. महिन्याला जेमतेम अर्धा किलो, कधी तेवढेही नाही. प्रथम त्यांनी वजन करणे सोडले, मग तपासणीला जाणे सोडले, मग ओळखीच्या लोकांत मिसळणे सोडले. शेवटी ते म्हणाले, “इमामसाहेब, ज्याला आपले पोट सांभाळता आले नाही, त्याने ईमान सांभाळल्याचा दावा कोणत्या तोंडाने करावा?”

वजन परत आले ही या प्रसंगातील लहान हानी आहे. त्या चौदा किलोंच्या आडून एक श्रद्धावंत मनुष्य स्वतःच्या ईमानाविषयीच निराश होऊ लागला, ही मोठी हानी आहे. म्हणून हा प्रश्न आमचाही आहे.

देह ही अमानत आहे

प्रथम पाया पक्का करू. आपला देह आपल्या मालकीचा नाही. तो अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) हे तरुण सहाबी दिवसा सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. अल्लाहच्या प्रेषितांना (स.) हे कळले, तेव्हा त्यांनी त्यांना बोलावून समजाविले की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे, पत्नीचा हक्क आहे. येथे भक्तीच्या अतिरेकातूनही शरीराचा हक्क मारला जाऊ नये, असे शिकविले गेले. मग जिभेच्या लालसेपायी तो मारण्याची मुभा कोठून मिळणार?

सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आणि मर्यादा ओलांडण्याची मनाई या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या आहेत. इस्लामने अन्नाला शत्रू मानले नाही. स्वादिष्ट अन्न ही अल्लाहची देणगी आहे, ती नाकारणे म्हणजे धार्मिकता नव्हे. तिरमिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत हजरत मिकदाम बिन मअदीकरिब (र.) यांच्याकडून आलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये पोटाला सर्वांत वाईट भरले जाणारे भांडे ठरविले आहे. कंबर ताठ राहील एवढे घास माणसाला पुरेत आणि त्याहून अधिक खायचेच असेल, तर एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी राखावे, अशी शिकवण तिच्यात आहे.

आपल्या भागात या शिकवणीला वैद्यकीय निकडही आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. भारतीय शरीरात पोटाभोवतीची चरबी कमी वजनातच घातक ठरू लागते, म्हणून आपल्याकडे पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. वजनाकडे लक्ष देणे हा आरशापुढचा शौक नाही, अमानतीची राखण आहे.

पण वजन म्हणजे पाप नव्हे

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. खाण्यातील उधळपट्टी हा दोष आहे; वाढलेले वजन हा गुन्हा नाही. बाळंतपण, थायरॉइडचे विकार, इन्सुलिनसारखी औषधे, उतरते वय, रात्रपाळीची नोकरी, ताण आणि अपुरी झोप अशा कितीतरी कारणांनी देह जड होतो. कोणाच्या शरीराकडे पाहून त्याच्या नफ्सविषयी निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रेषितांच्या (स.) घरातील एक प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. एका प्रवासात हजरत आयशा (र.) प्रेषितांबरोबर (स.) धावण्याची शर्यत लावून जिंकल्या. पुढे काही काळाने त्यांचे शरीर भरले आणि पुन्हा शर्यत लागली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले, त्या शर्यतीची ही फेड झाली, असे त्यांनी म्हटले. पत्नीचे वजन वाढले होते, हे हजरत आयशा (र.) स्वतः मोकळेपणाने सांगतात. त्या घरात त्यावर टोमणा नव्हता, तिरस्कार नव्हता. दुसरी शर्यत होती. तसेच हजरत सौदा (र.) या देहाने जड होत्या, त्यांची चाल मंद होती. हजमध्ये मुजदलिफा येथून गर्दीच्या आधी निघण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती दिली. अडचण ओळखून सवलत दिली गेली.

आणि आपण काय करतो? लग्नात भेटल्यावर सलामच्या पाठोपाठ पहिले वाक्य असते, “काय हो, पुन्हा सुटलात की!” आपण त्याला गंमत म्हणतो. ऐकणारा घरी जाऊन दिवा मालवतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. सूरह अल-हुजुरातच्या ११ व्या आयतीत श्रद्धावंतांना एकमेकांची थट्टा करण्यास मनाई आहे. ज्याची थट्टा होते तो थट्टा करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ असू शकतो, याची जाणीवही तेथे करून दिली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्या अतिशय बारीक पोटऱ्या पाहून काही जण हसले, तेव्हा प्रेषितांनी (स.) बजाविले की अल्लाहच्या तराजूत त्या पोटऱ्या उहुद पर्वतापेक्षाही जड भरतील. ते हसू कृश देहाला होते, आजचे हसू स्थूल देहाला आहे. दोन्ही ठिकाणी चूक तीच. आपला काटा शरीर तोलतो, अल्लाहचा मीजान कर्म तोलतो.

शरीर जुने वजन का शोधते?

ज्यांचे वजन परतले आहे, त्यांनी येथे थोडे थांबून ऐकावे. वजन परत येण्यामागे केवळ तुमची दुर्बलता नाही. अल्लाहने या देहात दुष्काळातून तरून जाण्याची व्यवस्था ठेवली आहे. खाणे एकदम घटले की शरीर ते संकट समजते. ते ऊर्जा जपून वापरू लागते आणि भूक वाढवू लागते. चरबीच्या पेशींतून निघणारे आणि पोट भरल्याचा संदेश मेंदूला पोहोचविणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते. भूक चेतविणारे घ्रेलिन वाढते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी आहारावर ठेवून संशोधकांनी ही संप्रेरके मोजली. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वजन उतरून एक वर्ष लोटले तरी भुकेची संप्रेरके पूर्वस्थितीला आलेली नव्हती, असे त्यात आढळले. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर झटपट वजन उतरविण्याची एक स्पर्धा गाजली होती. तिच्यातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी सरासरी ५८ किलो घटविले होते आणि त्यांपैकी सरासरी ४१ किलो परत आले होते. त्यांच्या देहाला विश्रांतीत जेवढी ऊर्जा लागायला हवी होती, त्याहून रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च होत होत्या. म्हणजे एका माफक जेवणाएवढी काटकसर त्यांचा देह सहा वर्षांनंतरही करीत होता.

हे सांगण्याचा हेतू सबब पुरविणे हा नाही. हेतू इतकाच की माणसाने लढाईचे खरे स्वरूप ओळखावे. जो समजतो की वजन उतरले म्हणजे काम संपले, तो तटबंदी सोडून घरी जातो. जो जाणतो की उतरलेले वजन टिकविणे हेच दीर्घ आणि अधिक कष्टाचे काम आहे, तो पहाऱ्यावर राहतो. आणि भूक अधिक लागत असूनही हात आवरणारा मनुष्य जन्मतः सडपातळ असलेल्या माणसापेक्षा अधिक संयम करीत असतो. काट्याला हे दिसत नाही, अल्लाहला दिसते.

उत्साह आणि शैथिल्य

आता दीनकडे वळू. कारण जे देहात घडते तेच भक्तीत घडते. रमजानमध्ये मशिदीत उभे राहायला जागा नसते. शव्वालचा चंद्र दिसला की फजरच्या नमाजला एक रांग भरणे कठीण होते. नव्याचे नऊ दिवस संपतात आणि येरे माझ्या मागल्या सुरू होते.

सूरह अन-नहलच्या ९२ व्या आयतीत शपथा मोडणाऱ्यांना इशारा देताना एका स्त्रीचा दृष्टान्त आला आहे, जी मेहनतीने घट्ट कातलेले सूत स्वतःच उकलून त्याचे तुकडे करून टाकते. तो दृष्टान्त करारांविषयीचा आहे, पण त्यातले चित्र आपल्या अनेक संकल्पांना लागू पडते. सूत कातायला दिवस लागतो, उकलायला क्षण पुरतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक सूत क्षणात उकलत नाही. एक पीळ सुटतो, मग दुसरा. रात्री एक वाटी जास्त, सकाळी चालणे चुकले, चहात पुन्हा दोन चमचे साखर. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पुण्याइतकीच वजनालाही लागू आहे. महिन्याला पाव किलो म्हणजे वर्षाला तीन किलो आणि चार वर्षांत बारा. कोणत्याही एका महिन्याने आपल्याला फसविले नाही. आपण मात्र अठ्ठेचाळीस महिने पाहिले नाही.

अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) मानवी स्वभावाचा हा नियम आधीच सांगून ठेवला आहे. मुस्नद अहमदमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांच्याकडूनच आलेल्या हदीसचा आशय असा की प्रत्येक कर्माला उत्साहाचा काळ असतो आणि उत्साहामागून शैथिल्य येते, ज्याचे शैथिल्य सुन्नतच्या हद्दीत राहिले तो मार्गावर राहिला आणि ज्याचे दुसरीकडे वाहून गेले तो नाश पावला. या हदीसमध्ये फार मोठी दया आहे. शैथिल्य येणारच नाही, अशी अपेक्षा आपल्याकडून केलेली नाही. शैथिल्य आले तरी कोणत्या रेषेच्या खाली जायचे नाही, हे मात्र विचारले आहे. नफिल नमाज सुटली तर फर्ज सुटू नये. तासभर चालणे सुटले तर दहा मिनिटांचे चालणे सुटू नये. मेजवानीत माप ओलांडले गेले तर दुसऱ्या दिवशीचे जेवण मापात असावे.

त्या हदीसचे कथन करणाऱ्या सहाबींचे उर्वरित आयुष्य पाहा. प्रेषितांनी (स.) त्यांना महिन्याला तीन रोजे पुरेसे असल्याचे सांगितले होते. ते अधिकाची विनंती करीत राहिले, तेव्हा शेवटी हजरत दाऊद (अ.) यांच्या पद्धतीने एक दिवस रोजा व एक दिवस खंड, ही सीमा ठरली. वार्धक्यात शक्ती क्षीण झाली तेव्हा त्यांना वाटू लागले की प्रेषितांनी (स.) दिलेली ती सवलत आपण स्वीकारली असती तर बरे झाले असते. तरीही पत्करलेला नेम त्यांना सोडवेना. तारुण्याच्या जोशात ठरविलेले माप म्हातारपणी किती जड होते, हे ज्यांना झटपट आहाराचे वेड आहे त्यांनी येथून शिकावे. जो आहार साठाव्या वर्षी पाळता येणार नाही, तो तिसाव्या वर्षी सुरू करून काय मिळणार? महिनाभर केवळ काकडी आणि सूप यांवर राहणारा मनुष्य महिना मोजत असतो. ज्या दिवसाची तो वाट पाहतो, त्याच दिवशी वजनाची परतवाट सुरू होते.

थोडे, पण नित्य

प्रेषितांच्या (स.) पत्नी हजरत जैनब (र.) यांनी मशिदीत दोन खांबांमध्ये एक दोरी बांधली होती, नमाजमध्ये थकवा आला की त्या तिचा आधार घेत. प्रेषितांनी (स.) ती सोडण्यास सांगितले आणि उमेद असेपर्यंत नमाज पढावी, थकल्यावर बसावे, अशी शिकवण दिली. आजही अनेकांनी आपल्या आहाराला अशा दोऱ्या बांधल्या आहेत: महागडी चूर्णे, उपाशी ठेवणारे कार्यक्रम, शपथा, स्वतःला दिलेल्या शिक्षा. दोरी असेतोवर मनुष्य उभा. दोरी सुटली की खाली. बुखारी व मुस्लिममध्ये हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेली सर्वपरिचित शिकवण हीच की अल्लाहला ते कर्म सर्वांत प्रिय आहे, जे थोडे असले तरी नित्य असते.

इमाम गजाली (रह.) यांचे निधन ११११ साली झाले. आपल्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात त्यांनी पोटाच्या वासनेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांचा सल्ला असा की दोन रोट्या खाणाऱ्याला एका रोटीवर यायचे असेल तर त्याने एकदम अर्धे जेवण तोडू नये. रोज रोटीचा अठ्ठाविसावा किंवा तिसावा भाग कमी करीत महिन्याभरात तेथे पोहोचावे. हेतू हा की देहाला धक्का बसू नये आणि सवय मुरावी. नऊशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजच्या कोणत्याही आहारतक्त्यापुढे ठेवावा.

म्हणून ज्यांचे वजन परतले आहे त्यांना माझे सांगणे हे की पुन्हा मोठी प्रतिज्ञा करू नका. एक लहान गोष्ट ठरवा आणि ती मरेपर्यंत सोडू नका. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी निदान साडेतेरा किलो वजन उतरवून किमान वर्षभर टिकविले आहे. त्यांच्या सवयींत विलक्षण असे काही आढळले नाही. बहुतेक जण रोज सुमारे तासभर चालतात किंवा तेवढाच अन्य व्यायाम करतात, न्याहारी चुकवीत नाहीत आणि आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. साध्याच गोष्टी, पण नित्य.

चालण्यासाठी आपल्याकडे तर दिवसातून पाच निमित्ते आहेत. बनू सलमा कुळातील लोक मशिदीजवळ राहायला येऊ इच्छीत होते, प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले नोंदली जात होती. आपण मात्र दोन गल्ल्यांपलीकडच्या मशिदीत मोटारसायकलवरून येतो आणि नंतर चालण्यासाठी यंत्र विकत घेतो. शरीराला परवानगी देत असेल तर निदान फजर आणि इशा पायी करा. पावलांचे पुण्य वेगळे, पायांचे आरोग्य वेगळे.

सोमवार-गुरुवारचे आणि चांद्रमासाच्या १३, १४, १५ तारखांचे रोजे ही सुन्नतने दिलेली शिस्त आहे. नियत मात्र अल्लाहच्या प्रसन्नतेची असावी. देहाला होणारा लाभ ही त्याची वरची देणगी समजावी. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचे औषध चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे रोजे ठेवू नयेत. आणि दिवसभर रोजा ठेवून इफ्तारला भजी, समोसे, शरबत, त्यावर बिर्याणी आणि फिरनी असा क्रम असेल, तर वजन रमजानमध्येच वाढते. त्याचा दोष रोजावर कोणी टाकू नये.

दस्तरखान एकट्याचे नसते

वजन एकाचे परतते, पण बहुधा सगळ्या घराच्या हातून परतते. अब्बांना साखर वर्ज्य आणि घरात मिठाईचा डबा उघडा. मुलीला चालायला जायचे आहे आणि भावाला सोबत जायला सवड नाही. घरातील आई सर्वांत शेवटी जेवते आणि वाया जाऊ नये म्हणून भांड्यांत उरलेले सगळे संपवते. अन्न वाया घालविणे हा इस्राफ आहे, हे खरे. पण गरज नसताना ते पोटात ढकलणे हाही इस्राफच आहे. ताट पुसून स्वच्छ करण्याची सुन्नत कमी वाढून घेणाऱ्या माणसांत रुजली होती. आपण ताट डोंगराएवढे भरतो आणि मग सुन्नत म्हणून ते संपवतो! शिजवतानाच मोजून शिजवावे, उरले तर शेजारी किंवा गरजूकडे वेळेत पोहोचवावे. मुस्लिमच्या संग्रहात एकाचे अन्न दोघांना आणि दोघांचे चौघांना पुरेसे होते, अशी शिकवण आहे; बरकत याच वाटून घेण्यात आहे.

आपल्या समाजातील दावतींबद्दलही बोलले पाहिजे. पाहुण्याचा सन्मान हा ईमानाचा भाग आहे, परंतु सन्मान म्हणजे सक्ती नव्हे. पाहुणा हात आडवा धरून नको म्हणत असताना त्याच्या ताटात दालचा आणि भात ओतणे, “आमच्या घरी आहार-बिहार चालत नाही” असे म्हणणे, हा प्रेमाचा अतिरेक त्याची महिन्याची मेहनत मोडतो. जो नाही म्हणतो, त्याच्या नाहीचा मान राखणे हाही आदरातिथ्याचाच भाग समजावा.

हिशेब आणि आशा

हजरत उमर (र.) यांच्या नावे एक प्रसिद्ध शिकवण सांगितली जाते. तिचा आशय असा की तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी स्वतःचा हिशेब घ्या आणि तुमचे कर्म तोलले जाण्यापूर्वी ते स्वतः तोलून पाहा. यालाच मुहासबा म्हणतात. वजन परतणाऱ्या माणसाची पहिली चूक बहुधा खाण्याची नसते, काट्याकडे पाठ फिरविण्याची असते. नमाज सुटू लागलेला मनुष्यही आधी इमामाची नजर चुकवतो, मग मशिदीची गल्ली चुकवतो. म्हणून एक दिवस ठरवा. जुमाच्या गुस्लाच्या आधी आठवड्याचे वजन पाहावे आणि त्याच वेळी आठवड्यातील नमाजांचाही हिशेब घ्यावा. ठरलेल्या वजनापेक्षा दोन किलो वाढ दिसली की सावध व्हावे. दोन किलोंचे परतणे सोपे असते, चौदांचे कठीण. आकडा मात्र बातमी म्हणून वाचावा, निकाल म्हणून नव्हे. काहीही न बदलता वजन भराभर वाढू लागले, पायांवर सूज आली किंवा दम लागू लागला, तर लाजेपायी घरी न बसता डॉक्टरांकडे जावे. उपचार घेणे ही सुन्नत आहे.

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. मी त्यांना मुस्लिमच्या संग्रहातील ती हदीस सांगितली, जिच्यात बलवान श्रद्धावंत अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे सांगून लगेच दोघांतही भलाई असल्याचे म्हटले आहे. दुर्बलालाही त्या वाक्याबाहेर ठेवलेले नाही. पुढे तीन आज्ञा आहेत: जे हितकारक आहे त्याची आस धरावी, अल्लाहचे साहाय्य मागावे आणि हतबल होऊ नये. आणि मग एक मनाई आहे: असे केले असते तर तसे झाले असते, या जर-तरमध्ये अडकू नये, कारण त्यातून सैतानाला वाट मिळते. मी त्यांना म्हटले, “सर, चौदा किलो परत आले ते तुम्ही मोजले. पाच किलो अजून परत आलेले नाहीत, ते का मोजले नाहीत? त्या आठ महिन्यांत तुम्ही जो संयम केला, तो अल्लाहच्या नोंदीतून पुसला गेला आहे काय?” त्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी विचारले, “पुन्हा कोठून सुरुवात करू?” मी म्हणालो, “तपासणीपासून. आणि आज घरी जाताना रिक्षा करू नका.”

बंधुभगिनींनो, ज्या धर्मात दिवसातून पाच वेळा नव्याने उभे राहायला बोलाविले जाते, त्या धर्माचा अनुयायी एकदा घसरला म्हणून कायमचा बसून राहू शकत नाही. सूत उकलले असेल तर चरखा अजून घरात आहे. शरीर जड झाले असेल तर पावले हळू पडतील, पण पडू द्या. तौबाचे दार जसे श्वास चालू असेपर्यंत उघडे असते, तसे सुधारणेचेही दार उघडे असते. निराशा मात्र ते आतून बंद करते. म्हणून आज रात्रीच्या जेवणात एक घास कमी घ्या आणि तो घास उद्याही कमी घ्या. इन्शाअल्लाह, नित्याच्या थोड्यात मोठी बरकत आहे.

हे अल्लाह, आमच्या अन्नात बरकत दे आणि आमच्या भुकेला माप दे. आजारी देहांना शिफा दे, थकलेल्या मनांना उमेद दे. आमच्या जिभांना दुसऱ्याच्या देहाची थट्टा करण्यापासून वाचव. जे सत्कर्म तू आमच्या हातून सुरू करविलेस, ते आमच्या अखेरच्या श्वासापर्यंत टिकविण्याची इस्तिकामत आम्हाला प्रदान कर. आणि ज्या दिवशी तुझा तराजू उभा राहील, त्या दिवशी आमच्या कर्मांचे पारडे जड कर. आमीन, या रब्बुल आलमीन.